काका, तुम्ही आधी आईला विचारलंत

प्रिय काका,

सादर नमस्कार.

काल रात्री आम्ही ऑस्ट्रियातल्या सोल्डेनहून स्टुटगार्टला सुखरूप पोहोचलो. फोनवर तुम्हाला "पोहोचलो, सगळं छान झालं" एवढंच सांगितलं. पुढे बोलले असते तर रडू फुटलं असतं. म्हणून लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. फाशिंगच्या, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या, सुट्टीत मुलांना स्कीईंगला घेऊन आल्प्सकडे गाडी काढणारी आपली बरीच मंडळी इथे आहेत. त्यांना तुम्ही कळायला हवेत.

खालच्या मजल्यावर तुमच्याकडे येण्याआधी या प्रवासाबद्दल माझं बऱ्याच जणांना विचारून झालं होतं. "अगं त्यात काय, गुगल लाव आणि नीघ," हे सर्वांत जास्त वेळा ऐकलं. एका अनुभवी गृहस्थांनी तर वाटेतल्या फेर्नपास घाटातली गर्दी टाळायचा खास रस्ता म्हणून लेख नदीच्या खोऱ्यातून हानटेनयोख खिंडीवरून इम्स्ट गावाला उतरायचा नकाशा पाठवला. वर "कुणाला सांगू नका" अशी सूचना. काका, तो रस्ता १,८९४ मीटरवरून जातो आणि हिमकडे कोसळतात म्हणून हिवाळ्यात बंदच असतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दोन लहान मुलं आणि आई गाडीत घेऊन मी त्या फाटकापर्यंत गेले असते! ज्या दुकानातून बर्फात चाकांवर चढवायच्या साखळ्या घेतल्या, तिथल्या माणसाने टायरचं माप विचारलंही नाही, गाडीचं नाव ऐकून खोका हातात ठेवला. आणि जवळजवळ प्रत्येकाने माझ्या नवऱ्याकडे बघून उत्तरं दिली. प्रश्न मी विचारत होते, गाडी मी चालवणार होते, त्याच्याकडे इथलं लायसन्सही नाही. तरी नजर त्याच्याकडेच.

तुम्ही घरी आलात, कोट काढून खुर्चीवर टाकलात आणि म्हणालात, "कोण कोण निघालंय?" मी लॅपटॉप उघडून तयार होते. तुम्ही तो बाजूला सरकवलात. आई खिडकीपाशी कोथिंबीर निवडत बसली होती. तुम्ही खुर्ची उचलून तिच्यासमोर नेऊन ठेवलीत आणि विचारलंत, "वहिनी, तुम्हाला गाडी लागते का?"

काका, हा प्रश्न आम्हाला कुणीही विचारला नव्हता. आई भारतातून आल्यापासून म्हणत होती, "तुम्ही जाऊन या, मला थंडी सोसत नाही, मी घर सांभाळते." आम्हाला ते थंडीचंच कारण वाटत होतं. आमच्या आनंदात विघ्न नको म्हणून खरं कारण तिने पोटात ठेवलं होतं. तुम्ही विचारलंत आणि तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. म्हणाली, "लागते हो. फार लागते." मग तुम्ही माहेर कुठलं विचारलंत. वाई म्हटल्यावर, "म्हणजे पसरणी घाट! तिथे कितव्या वळणाला त्रास सुरू होतो?" आणि आई हसली. वाईहून महाबळेश्वरला जाताना एसटीत खिडकीची जागा मिळावी म्हणून ती कशी रुमाल टाकायची, इथपर्यंत तुम्ही दोघं बोललात. चहा गार होऊन गेला.

त्या गप्पांतूनच सगळा बेत तयार झाला. शनिवारी ऑस्ट्रियातल्या सुट्टीच्या घरांचे भाडेकरू बदलतात, त्यामुळे अर्धं जर्मनी त्याच दिवशी त्याच रस्त्यावर असतं, आणि फ्युसेनच्या सीमेवरच्या बोगद्यात गाड्या थोड्या थोड्या करून सोडतात. "वहिनींना रांगेत गचके खात बसवायचं नाही," म्हणून शुक्रवारीच निघून केम्प्टनला मुक्काम आणि शनिवारी उजाडायच्या आत बोगदा पार. आई पुढच्या सीटवर, मुलं मागे. फेर्नपासवर झुगश्पिट्झ शिखर दिसतं त्या थांब्यावर, उतरणीची वळणं सुरू व्हायच्या आधी, आईला खाली उतरवून मोकळी हवा. नॅव्हिगेशनने गावातल्या गल्लीतून वळायला सांगितलं तरी वळायचं नाही, सुट्टीच्या गर्दीत तिथल्या तिरोल प्रांतात अशा आडवाटांना बंदी असते आणि पोलीस परत पाठवतात. त्या कागदावर तुम्ही किलोमीटर कमी आणि थांबे जास्त लिहिलेत.

खाली गॅरेजमध्ये काय काय केलंत ते सगळं इथे लिहीत नाही. दोन युरोचं नाणं टायरच्या खाचेत घालून तुम्ही मला खोली दाखवलीत, कारण ऑस्ट्रियात हिवाळी टायरला निदान ४ मिलिमीटर खाच लागते. टॉर्चच्या उजेडात टायरच्या कडेवरचे आकडे माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलेत, खोक्यावरचे आकडे त्याशी जुळेनात, तेव्हा त्या दुकानदाराबद्दल एक अक्षरही वाईट न बोलता आपल्या तळघरातून आपल्या साखळ्या आणून दिल्यात. आणि हातमोजे घालायला लावून माझ्याकडूनच चाकावर चढवून घेतल्यात. मी चुकत होते तेव्हा तुमचे हात पाठीमागे बांधलेले होते. "तिथे मी नसणार पोरी, तूच असणार." नवऱ्याला टॉर्च धरायला उभं केलंत.

सांगायला अभिमान वाटतो, लेंगेनफेल्ड गावी शेवटच्या चढावर रात्रीत पडलेला बर्फ होता आणि मी साखळ्या चढवल्या. आमच्या मागे थांबलेल्या गाडीतल्या बाई उतरून बघत राहिल्या आणि मग त्यांच्या गाडीच्या साखळ्याही आम्ही दोघींनी मिळून बसवल्या.

आईला पूर्ण वाटेत एकदाही मळमळलं नाही. फेर्नपासच्या थांब्यावर ती शाल गुंडाळून उभी राहिली, खालच्या गोठलेल्या ब्लिंडझे तळ्याकडे बघत, आणि तिनेच आम्हाला सांगितलं, "आता पुढे वळणं आहेत, सावकाश घे." तुमचा कागद तिने पाठ केला होता! सोल्डेनला मुलं स्की शाळेत पडत-उठत होती तेव्हा ती माझ्याबरोबर गोंडोलाने गाइसलाखकोगल शिखरावर आली, ३,००० मीटरच्या वर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. तिथून जवळजवळ दुप्पट उंचीवर माझी वाईची आई नऊवारीवर माझं जाड जॅकेट घालून उभी होती आणि ओळखपाळख नसलेल्या लोकांना आपला फोटो काढायला सांगत होती. तुम्ही तो प्रश्न विचारला नसता तर त्या वेळी ती स्टुटगार्टला बंद खिडकीशी एकटी बसलेली असती.

काका, तुम्ही इतकी वर्षं परदेशात काढलीत, तुमच्यापाशी सांगण्यासारखं केवढं आहे. पण तुम्ही आधी ऐकून घेतलंत. परक्या देशात सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, आणि तो चुकला तर नंतर कुणी फोनही करत नाही. तुम्ही शनिवारी सकाळी फोन केलात तो आईच्या मोबाइलवर. अशी माणसं आहेत म्हणून इथे मुलं वाढवायला धीर येतो, हे मी आजवर कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, तुम्हाला सांगते.

साखळ्यांना रस्त्यावरचं मीठ लागलं होतं, त्या गरम पाण्याने धुऊन, वाळवून, तुम्ही दिल्या होत्या तशा गुंडाळून ठेवल्या आहेत. आईला येत्या रविवारी तुम्हाला आणि काकूंना जेवायला बोलवायचं आहे, पुरण घालायचं तिने ठरवूनही टाकलंय. आणि बोब्लिंगेनचं एक कुटुंब ईस्टरच्या सुट्टीत पहिल्यांदाच आजी-आजोबांना घेऊन निघतंय, ते तुमचा नंबर मागताहेत. तुम्हाला विचारल्याशिवाय दिलेला नाही. देऊ का?

तुमची,
वरच्या मजल्यावरची मुलगी