सहलीच्या आराखड्यात स्टेशनांची नावं हवीत

संपादक महोदय,

उन्हाळी सुट्टीचं बुकिंग सुरू झालं की आपल्या पर्यटन पुरवणीत युरोपवरचे लेख येऊ लागतात. ग्रुप टूर सोडून आपापलं जाणाऱ्यांसाठी व्हिसा, हॉटेल, फिरायच्या जागा अशी चांगली माहिती त्यांत असते. पण मोठ्या शहरात एका स्टेशनावर उतरून पुढची गाडी दुसऱ्याच स्टेशनावरून पकडावी लागते, तेव्हा बॅगा घेऊन मधलं अंतर कसं कापायचं, हे कोणी लिहीत नाही. साठी उलटलेल्या माणसांना सगळ्या प्रवासात तेवढा एक तासच खरा जड जातो, म्हणून हे पत्र.

माझी नोकरी सोलापूरला रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर झाली. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सीएसएमटीला उतरून मुंबई सेंट्रलहून गुजरातची गाडी पकडणारे उतारू नेहमी यायचे. तिकीट देतानाच आम्ही बजावायचो की मधे भरपूर वेळ ठेवा, सामान फार असेल तर दादरलाच उतरा. फॉर्मवर असं काही लिहिलेलं नसायचं. समोर म्हातारं माणूस दिसलं की आपसूक तोंडातून निघायचं. आमच्या युरोपच्या सहलीची तिकिटं काढून देणाऱ्या एजंटकडून माझी एवढीच अपेक्षा होती.

लंडनला पुतण्याकडे राहून आम्हाला झुरिकला मुलीकडे जायचं होतं. आराखड्यात नुसतं ‘पॅरिसला गाडी बदलणे’ असं होतं आणि मधे तासाभराचाही वेळ नव्हता. लंडनची युरोस्टार गाडी येते गार द्यू नॉरला (फ्रेंचमध्ये ‘गार’ म्हणजे स्टेशन) आणि झुरिकची टीजीव्ही ही वेगवान गाडी सुटते गार द लियाँहून. दोन्हींत चार-पाच किलोमीटरांचं अंतर आहे. यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि मुलीसाठी घेतलेल्या शेंगाचटणी नि कडक भाकरीसह दोन मोठ्या बॅगा. तळघरातल्या लोकल फलाटाकडे उतरायचा सरकता जिना बंद होता. लिफ्ट शोधण्यात वेळ गेला. तिकिटाच्या फाटकात बॅग अडकली तेव्हा मागच्या एका बाईंनी काही न बोलता ती उचलून पलीकडे ठेवली. त्यांचे आभार मानायलाही सवड मिळाली नाही. गार द लियाँला पोचलो तेव्हा गाडी फलाटावर उभी होती, पण फाटक बंद झालेलं. तिथे गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी प्रवेश थांबवतात. दुसऱ्या गाडीची तिकिटं नव्यानं काढावी लागली, आणि ऐनवेळचे तिथले दर परवडणारे नसतात. एजंटनं फोनवर सांगितलं, ‘पॅरिसला सगळं जवळच असतं.’ संपादक महोदय, ज्याच्या भरवशावर आपण पैसे मोजतो त्यानं असं म्हणावं, याचा मला आजही राग येतो.

हे ज्ञान काही गुप्त नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये खासगी रेल्वे कंपन्या होत्या आणि प्रत्येकीनं पॅरिसच्या आपापल्या बाजूला शेवटचं स्टेशन बांधलं. म्हणून उत्तरेच्या गाड्या गार द्यू नॉरला, स्ट्रासबुर्गकडच्या गार द लेस्तला, आग्नेयेकडच्या गार द लियाँला. लंडनमध्ये १८४६ च्या शाही आयोगानं रेल्वेला शहराच्या मध्यात येऊ दिलं नाही, त्यामुळे तिथेही स्टेशनं कडेनं विखुरली. आपल्याकडे जीआयपी आणि बीबीसीआय या दोन जुन्या रेल्वे कंपन्यांमुळे मुंबईत हेच झालं. व्हीटी एकीची, १९३० सालचं मुंबई सेंट्रल दुसरीचं. रेल्वेतल्या माणसाला हे पाठ असतं. प्रवास विकणाऱ्यालाही असायला हवं.

पॅरिसमधला सोपा मार्ग आधी कळला असता तर आम्ही एवढे धावलो नसतो. गार द्यू नॉरच्या तळघरातून आरईआर डी ही लोकल घ्यायची. मधे एकच स्टेशन, शातले-लेझाल. त्यानंतरचं गार द लियाँ. शेजारूनच बी लाईनच्या गाड्याही सुटतात, त्या शातलेच्या पुढे दुसरीकडे जातात, तेव्हा पाटी वाचूनच चढावं. तिकीट बाहेर पडेपर्यंत जपायचं, कारण बाहेरच्या फाटकालाही ते लागतं. सामानासाठी रुंद फाटक असतं, तेच शोधावं. जुन्या मेट्रोच्या भानगडीत बॅगा घेऊन पडू नये, तिथे जिनेच जिने आहेत. १९९८ साली सुरू झालेली १४ नंबरची लाईन तेवढी सगळीकडे लिफ्ट असलेली, पण ती गार द्यू नॉरला जात नाही. गुडघे दुखत असतील तर सरळ स्टेशनाबाहेरच्या अधिकृत रांगेतली टॅक्सी करावी, आत येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये. गार द लियाँलाही एका हॉलमधल्या फलाटांना अक्षरं आहेत, दुसऱ्यातल्यांना आकडे, आणि एका टोकाहून दुसरीकडे चालायला वेळ लागतो. माझ्या मते सामान असेल तर दोन गाड्यांत दोन तास हवेतच.

त्याहून बरं म्हणजे स्टेशन बदलणंच टाळावं. लंडनहून जर्मनीला जायचं तर युरोस्टारनं ब्रुसेल्स-मिडीला उतरावं. कोलोन-फ्रँकफर्टची गाडी त्याच स्टेशनावरून सुटते. फ्रान्समधल्या लियाँ किंवा मार्से शहराला जाणाऱ्यानं उत्तरेकडच्या लील शहरातल्या लील युरोप स्टेशनावर गाडी बदलली तर पॅरिसमध्ये शिरावंच लागत नाही. फक्त पुढची गाडी लील युरोपचीच आहे ना, जवळच्या लील फ्लांद्रची नाही ना, हे पाहावं. बर्लिननं २००६ साली मोठं मध्यवर्ती स्टेशन उघडलं, तिथे लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या एकाच इमारतीत मिळतात. चांगला एजंट असे मार्ग सुचवू शकतो. चार पैसे जास्त गेले तरी आमच्या वयाचे लोक कुरकुर करणार नाहीत.

आज सोलापूर-सांगलीसारख्या गावांतून कितीतरी आईवडील परदेशातल्या मुलांकडे एकटेदुकटे निघतात. त्यांना फ्रेंच येत नाही, मोबाइलवरचा नकाशा धडपणे वाचता येत नाही, आणि मुलीला उगाच काळजी नको म्हणून ते फोनही करत नाहीत. प्रवास कंपन्यांनी आराखड्यात उतरायच्या आणि चढायच्या स्टेशनाचं पूर्ण नाव, मधलं अंतर आणि लिफ्टची सोय एवढं मराठीत लिहून द्यावं. ग्राहकांनीही हे वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

आपल्या पुरवणीला माझी विनंती आहे की युरोपवरच्या प्रत्येक लेखासोबत त्या शहराच्या स्टेशनांचा एक छोटा चौकोन छापावा. पॅरिस, लंडन आणि ब्रुसेल्सचा मजकूर मी स्वतः लिहून द्यायला तयार आहे, मानधन नको.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, सोलापूर