लीड्समध्ये आलेली गौर आणि शिवाजी पेठेतल्या काकू

तीर्थस्वरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

तुमच्यापासून दोन घरे सोडून, कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या माडीवर बसून हे पत्र लिहीत आहे. समोर आभार मानू लागले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत चहाचे आधण ठेवायला उठता. तेव्हा चारचौघांदेखत लिहून टाकलेलेच बरे.

सासूबाई गेल्या, येथील घराला कुलूप लागले आणि नदीकाठच्या डहाळ्यांची आपली गौर लीड्सला आमच्याकडे आणायची ठरली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ज्यांना ज्यांना विचारले, त्यांनी "परदेशात सगळं चालतं, फोटोला हळदकुंकू लावा" असे सांगून मला मोकळे केले. मला मोकळे व्हायचे नव्हते. तुम्ही एकट्यांनीच उलट विचारलेत, "तुमच्या तिथं नदी कुठली? तिच्या काठाला काय उगवतंय?"

एअर नदीच्या काठी त्या दिवसांत माणसाच्या उंचीची, गुलाबी फुलांची झाडे माजलेली असतात. त्यांचा फोटो पाहून तुम्ही एक बोंड दाबून बघायला सांगितलेत. बोंड चटकन फुटले, साल आतल्या आत वळली आणि बिया माझ्या बाहीवर उडाल्या. तुमचा निकाल लगेच आला, "तेरड्याच्याच घरातलं दिसतंय." ते खरेच निघाले. हिमालयातला हा तेरडा १८३९ मध्ये ब्रिटनमध्ये बागेची शोभा म्हणून नेला गेला आणि पुढे नदीकाठ बळकावून बसला. आता तो रानात वाढवणे तिथे गुन्हा आहे. उपटणाऱ्याला मात्र लोक दुवाच देतात. गौरीचे डहाळे आणताना असा दुवा पंचगंगेच्या घाटावर कोणाला मिळाला असेल, असे वाटत नाही.

गौर रविवारी, ३१ ऑगस्टला यायची होती आणि मी सोयीने संध्याकाळ धरली होती. गौर ज्यावर आणायची ते अनुराधा नक्षत्र कोल्हापुरात साडेपाचच्या सुमारास संपते, म्हणजे आमच्याकडे दुपारी एकलाच, हा साडेचार तासांचा हिशेब तुम्ही बोटांवर करून मला सकाळीच नदीवर पिटाळलेत, म्हणून वेळ साधली.

खरी परीक्षा नैवेद्याची होती. तिथल्या मोठ्या दुकानात शेपू माशावर भुरभुरण्यापुरता, चार काड्यांचा मिळतो. भाजीपुरती जुडी अखेर एका तुर्की दुकानात सापडली. जोंधळ्याचे पीठ कधीचे होते कोण जाणे, पहिल्या तिन्ही भाकऱ्या परातीतच चिरल्या. तुम्ही फोनच्या पडद्यावर पाहिलेत आणि म्हणालात, "पिठाची विरी गेल्या. उकळतं पाणी घाल, झाकून ठेव, मग मळ." चौथी भाकरी वेडीवाकडी का होईना, पण फुगली, तेव्हा तिकडून तुमच्या सुनेनेही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सोमवार, दोघांनाही कामावर जायचे. गौरीमागून येणाऱ्या शंकरोबाला पहाटेच बसवून पुरणपोळी रात्री केली, ती बरी झाली एवढेच म्हणते.

विसर्जनाला नदीवर जाणे शक्य नव्हते, कारण बिया पाण्यात पडल्या असत्या. याचे मला फार वाईट वाटत होते. तुम्ही म्हणालात, "आम्ही तरी नदी सोडून इराणी खणीतच सोडतोय की मूर्ती. बोंडं काढून घे आणि बादलीत कर." आम्ही तसेच केले. बोंडे घट्ट बांधून कचऱ्यात टाकली आणि घरभर टाकायची चिमूटभर वाळू तेवढी एअरच्या काठावरून आणली.

यंदा शेजारच्या दोन मराठी घरांनाही गौर आणायची आहे. त्यांच्यासाठी नैवेद्याच्या वड्यांचे माप लागेल. तुम्ही 'अंदाजानं' म्हणता, तो अंदाज मला लीड्सला नेता येत नाही. तेव्हा वाटीच्या हिशेबाने कागदावर लिहून ठेवावा, निघण्याआधी शुक्रवारी मी घ्यायला येईन.

आपली,
दोन घरांपलीकडची सूनबाई