शिक्का माझ्या कपाटात आहे

प्रिय शिवा,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. माझी साखर आटोक्यात, आईचे गुडघे होते तसेच. फोन करणार होतो, पण फोनवर तू नुसता 'हां, हां' करतोस आणि मागनं मशीनचा धडधडाट येतो. हे त्यात मावणारं नाही.

विषय आपल्या घोंगडी विणकरांच्या सोसायटीचा आहे. हसू नकोस, आधी वाच.

पुण्याच्या एका दुकानदाराची ऑर्डर आलीय, दिवाळीच्या आत दोनशे घोंगड्या. अट एकच, प्रत्येकीवर आपला शिक्का पाहिजे, 'हातकताई, हातविणाई'. तोच, तू कोरून आणलेला, ज्यावरचं मेंढरू अजून कुत्र्यासारखं दिसतं. (तू नाहीच म्हणणार. पण दिसतं.)

आता दोनशे घोंगड्यांचं सूत कुठून आणू? चरखे उरलेत चार-पाच, त्यातला एक तर आमच्या माळ्यावर. आणि लोकर तरी कुठाय? आपल्या वाटेवरच्या धनगरांनी दख्खनी मेंढरं काढून माडग्याळ जातीची धरलीत. अंग भरतं, मटणाला भाव येतो. त्यांना नावं कशी ठेवायची? लोकर विकून येतं त्यापेक्षा कातरणीलाच जास्त जातं, म्हणून ज्यांच्याकडं दख्खनी आहेत तेही कातरलेली लोकर ओढ्यात टाकतात. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकर देवावर उधळायची, आणि एरवी ओढ्यात! बिरदेव बघत असेल सगळं.

तर चेअरमननी तोड काढली. ताणा, म्हणजे उभे धागे, आपला; बाणा, म्हणजे आडवे, पानिपतचा. तिथलं गिरणीचं सूत पोत्यानं मिळतं. कायद्याची फाईलही आणली होती बैठकीत. 1985 च्या कायद्यात कांबळं हातमागाला राखून ठेवलीत, आणि मागावर तर आपणच विणणार. हातमागाचा सरकारी मार्क 2006 साली आला, त्यालाही कापड हातमागावरचं असलं की झालं. हातानं कातलेलंच सूत पाहिजे अशी सक्ती खादीला, 1956 च्या कायद्यानं, आणि आपण कुठं खादी म्हणून विकतोय? गड्या, ह्यातलं एक अक्षर खोटं नाही. म्हणूनच मला झोप लागत नाही. फाईलमध्ये सगळं होतं, फक्त आपल्या शिक्क्यावरचा पहिला शब्द नव्हता.

नमुन्याचं सूत मी मागाच्या खड्ड्यात बसून विणून बघितलं. तुलाच सांगतो, कारण आळीत दुसऱ्या कुणाला सांगितलं तर उद्या चेअरमन तेच माझ्या तोंडावर मारतील. मजा आली रे. कांडीवरून सरसर सुटतं, मध्येच जाड नाही, मध्येच केसासारखं बारीक नाही. धोटा अडला नाही, शिवी द्यायची वेळच आली नाही. दुपारच्या चहापर्यंत एवढं काम झालं की मलाच चोरी केल्यासारखं वाटलं.

तुकडा घेऊन आपल्याला सूत कातून देणाऱ्या आक्काकडं गेलो. तिनं अंगठ्यानं चोळला, नाकाला लावला आणि म्हणाली, "कुणाची जुनी स्वेटरं ही?" पानिपतला जुने लोकरी कपडे फाडून सूत काढतात हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मला वाटलं, झालं, आक्का आपल्या बाजूची. तर म्हणते, "आण की मर्दा ते सूत. माझ्या खांद्याला विचार जरा. किलोमागं काय देता तुम्ही, सेक्रेटरी?" आकडा मी तुला लिहीत नाही, तुझ्या वेळेपेक्षा फार वाढलेला नाही. मी गप्प बसलो. हातकताईचा अभिमान मी बाळगायचा आणि खांदा तिनं भरवायचा, हे कुठलं गणित?

पण म्हणून शिक्का? पानिपतचं सूत घाला, माझी हरकत नाही. पोरं चार महिने मागावर बसतील. मग शिक्क्यातला 'हातकताई' खोडा आणि भाव उतरवा. चेअरमन म्हणतात भाव उतरला की ऑर्डर गेली, आणि गिऱ्हाईक काय भिंग घेऊन बसतंय? नसेल बसत. तात्या मात्र बसायचे. जावळाच्या, म्हणजे कोकराच्या पहिल्या लोकरीच्या, घोंगडीत मोठ्या मेंढराची लोकर मिसळली म्हणून त्यांनी सख्ख्या मेव्हण्याची घोंगडी परत पाठवली होती, आणि वर्षभर त्या घरी जेवले नाहीत. तेव्हा आपण दोघं हसलो होतो. चिंचोक्याची खळ ढवळता ढवळता तू त्यांची नक्कल केलीस आणि ते मागंच उभे होते.

तू भोसरीला गेलास तेव्हा मी तुला काय काय बोललो ते दोघांच्याही लक्षात आहे. ते इथं उकरत नाही. ताणा अर्धवट टाकून गेलास ह्यावर मी अजून ठाम आहे, पण पुढचा तुकडा मी विणला आणि त्याचे पैसे तू घेतलेस हे विसरू नकोस.

आता काम सांगतो. तू गेलास, पण सोसायटीतला भाग काढून घेतला नाहीस. रजिस्टरला तुझं नाव आहे आणि मताचा हक्कही. विशेष सभा पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी. मी मोजून बघितलं, दोन्हीकडं सारखी मतं होतात, मग चेअरमनचं जादा मत. सहकारात मुखत्यारपत्र चालत नाही, स्वतः हजर राहावं लागतं. माझ्याच बाजूनं हात वर कर असं म्हणत नाही. आक्काचं ऐकून तुझं मत उलटं झालं तर तसं दे, फक्त माझ्यासमोर दे.

पोरीचे बारावीचे मार्क आईकडून कळले, शाब्बास म्हणून सांग. नवीन घराचं पाणी आलं का? वहिनींचा रक्तदाब?

शनिवारी रात्रीच निघ, सकाळची गाडी कराडला अडकते. सभा दहाला आहे, आणि कोरम नाही म्हणून अर्धा तास थांबायची आपली परंपरा ह्यावेळी चेअरमन पाळणार नाहीत.

तुझा,
बाळू

ता. क. तात्यांचा शिसवी धोटा तुझ्याकडंच आहे, मला माहीत आहे. येताना घेऊन ये.