शनवार तेल्यांचा हनुक्का

ठाणे

प्रिय बाळा,
शालोम, आणि अनेक आशीर्वाद.

परवा इस्राएलहून फोन केलास तेव्हा तू किती चिडला होतास! रूममेट म्हणाला, तुम्हा बेने इस्राएलांना, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुद्यांना, हनुक्का हा दिव्यांचा सण ठाऊकच नव्हता. अरे, खरं तेच बोलला तो.

नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या, हे तू आजीकडून शंभरदा ऐकलंयस. ते तिकडून निघाले मक्काबींच्या लढाईआधी, असं आपली जुनी माणसं मानतात. यहुदा मक्काबीनं यरुशलेमचं मंदिर शुद्ध केलं इ.स.पू. १६४ मध्ये; तेव्हा एका दिवसाचं तेल आठ दिवस जळलं म्हणतात, त्याचीच आठवण हनुक्का. जे अजून घडायचंच होतं, त्याचा सण ते गलबतात घालून कसा आणणार? शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, सुंता, शेमाची प्रार्थना एवढं मात्र कोकणात जपलं. पिढ्यान्‌पिढ्या घाणे चालवले, शनिवारी बंद ठेवले म्हणून शनवार तेली म्हणवले गेलो, आणि नेमका तेलाचा सण तेवढा ठाऊक नाही! कोचीनच्या यहुदी शिक्षकांशी संबंध आल्यावर पुढे बरंच काही नव्यानं शिकलो. उशिरा शिकलो म्हणून सण काही कमी आपला होत नाही, सांग त्याला.

आजीकडे मेणबत्त्या नसायच्या. भिंतीवर पितळी हनुकिया, म्हणजे हनुक्काची दिवेलावणी, तिच्यात काचेचे छोटे पेले, तळाला पाणी, वर खोबरेल तेल. वाती ती आठवडाभर आधीच वळून ठेवायची: बाकीचे दिवे ज्यानं पेटवतात तो शम्माश धरून आठ दिवसांच्या ४४. पेले उजवीकडून भरत जायचं, पेटवायचं मात्र डावीकडून, म्हणजे आजची नवी वात आधी. तू दरवर्षी इथेच चुकायचास. त्या उजेडात आजी कुणाला सुईसुद्धा ओवू द्यायची नाही. हे दिवे नुसते बघायचे, वापरायचे नाहीत. आणि ते जळताहेत तोवर, निदान अर्धा तास, बायकांनी कामाला हात लावायचा नाही. हा नियम मी फार काटेकोर पाळते. चहा पपा करतात. साखर जास्त पडते, पण बोलत नाही.

शुक्रवारचं लक्षात ठेव. आधी हनुक्काचे दिवे, मग शब्बाथचे, तेही सूर्य मावळायच्या आत. त्या दिवशी तेल जरा जास्त घाल, अंधार पडल्यावरही अर्धा तास टिकायला हवं. कामावरून वेळेत निघ. शनिवारी हवदाला, म्हणजे शब्बाथ संपवायची प्रार्थना, झाल्यावरच पुढचे.

तिकडे दुकानोदुकानी सुफगानियोत, ते तळलेले डोनट, असतील. खा, पण रोज चार नकोत. मी इथे नारळाच्या करंज्या तळणार आहे. शेजारच्या काकूंच्या दिवाळीच्या करंज्या संपल्या की आपल्या सुरू होतात, हा हिशेब अजून चालू आहे. खिडकीतले दिवे बघून त्या अजूनही विचारतात, "काय हो, दिवाळी परत आली?"

कपाट आवरताना तुझा लाकडी भोवरा सापडला. त्यावरची हिब्रू अक्षरं नून, गिमेल, हे, शिन: मोठा चमत्कार तिथे झाला. तिकडच्या भोवऱ्यावर म्हणे शिनच्या जागी पे असतो: इथे झाला. तू नवा घेतलास का? की हाच पाठवू?

तुझी,
आई