बोधिधर्म, कुंग फू आणि तो बांबूवाला

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला कुंग फूवरचा लेख वाचला. बोधिधर्म हा बौद्ध भिक्षू इथून चीनला गेला, तिथल्या शाओलिन मंदिराच्या भिक्षूंना त्यानेच हे शिकवलं, म्हणजे मूळ आपलंच, हे परत एकदा. माझ्या मुलाच्या कराटे क्लासचे सरही दर बेल्ट टेस्टला हेच सांगतात आणि आम्ही पालक टाळ्या वाजवतो. पण थोडं वाचलं तर कळतं की ज्या 'यीजिन चिंग' ग्रंथामुळे ही गोष्ट पसरली तो १६२४ च्या सुमाराचा, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला, आणि त्यातही व्यायामच आहेत, मारामारी नाही. शाओलिनचे भिक्षू लढले हे मात्र खरं. ६२१ साली १३ भिक्षूंनी ली शिमिनला (पुढे चीनचा सम्राट झालेला) लढाईत मदत केली, मंदिरातल्या ७२८ च्या शिलालेखात ते आहे, पण लाथाबुक्क्यांचा त्यात एक शब्द नाही.

खरी मजा चीनच्या मिंग राजघराण्याच्या काळात आहे, आणि तुमच्या लेखात नेमकी तीच गायब! १५५० च्या दशकात किनाऱ्यावर चाच्यांनी उच्छाद मांडला होता (म्हणायचे जपानी, पण त्यात बरेचसे चिनीच), तेव्हा सेनापती छी जिग्वांगने शहरी चतुर पोरं नकोत म्हणून यीवू भागातले शेतकरी आणि खाणकामगार भरती केले आणि १२-१२ जणांच्या तुकड्या पाडल्या, एक म्होरक्या, दोन ढालवाले, चार भालेवाले, दोन त्रिशूळवाले, एक स्वयंपाकी, आणि दोघांकडे अख्खा बांबू, फांद्या न छाटलेला, टोकांना लोखंडी पाती. समुराई तलवार त्या झुडपात अडकायची, मग मागचा भालेवाला भोसकायचा. बांबूवाल्याचं अंग झाकलं जायचं म्हणून नवखा गडीही घाबरायचा नाही. म्होरक्याला सोडून पळालं तर शिक्षा सगळ्यांनाच.

आणि या माणसाने आपल्या लष्करी पुस्तकात मुष्टियुद्धाचे ३२ पवित्रे दिलेत खरे, पण सोबत स्पष्ट लिहिलंय की मोठ्या लढाईत याचा उपयोग नाही, हातपाय मोकळे व्हायला चांगलं. एवढ्या मोठ्या सेनापतीनेच सांगितल्यावर आपण काय बोलणार!

१९०० साली चीनमध्ये परकीयांविरुद्ध उठलेल्या बॉक्सर बंडवाल्यांना वाटलं की कवायत आणि मंत्रांनी बंदुकीची गोळी लागत नाही. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. त्यांना चिरडायला गेलेल्या फौजेत आपले शीख, राजपूत शिपाई होते, इंग्रजांच्या चाकरीत. कुंग फूशी भारताचा संबंध दाखवायचाच असेल तर हा घ्या ना, पण तो कुणाला आवडत नाही.

पुढच्या वेळी लेख छापाल तेव्हा हवेत उडी मारणाऱ्या भिक्षूचा फोटो नको, त्या बांबूवाल्याचं चित्र छापा.

आपला,
एक नेहमीचा वाचक, ठाणे