गच्चीवरचा प्रत्येक काळा मणी अवकाशातून आलेला नसतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ठाण्यातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात नुकतेच गच्चीवरच्या गाळातून लोहचुंबकाने वेचलेले काळे कण काचपट्टीवर मांडले होते आणि शेजारच्या फलकावर ‘अवकाशातून आलेली धूळ’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. मुलांची मेहनत खरी होती आणि त्यांचे डोळे उत्साहाने चमकत होते. मात्र हे कण अवकाशातलेच आहेत हे कशावरून ठरवले, या माझ्या प्रश्नाला ‘चुंबकाला चिकटले म्हणून’ एवढेच उत्तर मिळाले. अनेक वर्षे विज्ञान शिकवल्यामुळे ते उत्तर माझ्या मनाला लागले, म्हणून हे पत्र.

वैश्विक धूळ ही कल्पित गोष्ट नव्हे. अंटार्क्टिकातील काँकॉर्डिया संशोधन केंद्राजवळच्या बर्फातून वेचलेल्या कणांवरून फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये अंदाज प्रसिद्ध केला, की दरवर्षी सुमारे ५,२०० टन सूक्ष्म कण पृथ्वीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतात आणि त्यांतला मोठा वाटा धूमकेतूंचा असतो. सूर्याभोवती फिरणाऱ्या अशा कणांवर सूर्यप्रकाशाचा सूक्ष्म रेटा पडत असतो. त्यामुळे त्यांची गती किंचित मंदावते आणि ते सर्पिल वाटेने हळूहळू सूर्याकडे सरकतात. या प्रवासात जे कण पृथ्वीच्या वाटेत येतात ते सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात. बरेचसे तिथेच वितळून किंवा वाफ होऊन जातात, तर थोडे थेंबासारखे गोल होऊन खाली उतरतात.

आता शास्त्रज्ञ हे कण शोधायला अंटार्क्टिकाला आणि समुद्रतळाशी का गेले, याचा विचार व्हावा. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या जहाजाने केलेल्या सागरी मोहिमेत खोल समुद्राच्या गाळातून चुंबकाने असे गोलक काढले गेले, तर आपल्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी हिंदी महासागराच्या मध्यभागातील तळगाळातून ते मिळवले. तिथे गाळ अतिशय सावकाश साचतो आणि कारखान्यांचा धूर पोहोचत नाही, म्हणून आकाशातून आलेला कण तिथे इतर कणांच्या गर्दीत हरवत नाही. शहरातल्या गच्चीवर असा कण सापडणे अशक्य आहे, असे बरीच वर्षे मानले जात असे. मात्र नॉर्वेतील जॅझ गिटारवादक यॉन लार्सन यांनी ऑस्लो, पॅरिस आणि बर्लिन या शहरांतील छपरांवरचा सुमारे ३०० किलो गाळ चाळला आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील तज्ज्ञांच्या साहाय्याने त्यातील सुमारे ५०० कण २०१७ मध्ये निर्विवाद ओळखून दाखवले. तीनशे किलोतून पाचशे कण, आणि तेही सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पारखून! हे प्रमाण आमच्या प्रदर्शनातल्या फलकावर कुठेच नव्हते.

ठाण्यात तर ही पारख अधिकच कडक हवी. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने, घोडबंदर रस्त्यावरच्या मेट्रोच्या आणि इमारतींच्या कामांतील वेल्डिंगच्या ठिणग्या, लोकलच्या ब्रेकचा चुरा, आणि दिवाळीत जळलेल्या फुलबाज्यांतील लोखंडाचे वितळून गोठलेले थेंब, हे सारे गच्चीवर येऊन पडते आणि चुंबकाला चिकटते. ठिणगीचा थेंबही हवेत थंड होताना गोलच होतो. उलट आकाशातून आलेल्या अनेक दगडी गोलकांचा पृष्ठभाग चकचकीत नसतो; त्यावर ऑलिव्हीन खनिजाचे समांतर पट्टे किंवा मॅग्नेटाइट या लोहखनिजाची नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते. अंतिम खात्री मात्र रासायनिक पृथक्करणानेच होते. मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि लोह यांचे प्रमाण उल्कापाषाणांशी जुळावे लागते. निकेल सापडले एवढ्यावरही भागत नाही, कारण स्टेनलेस स्टीलच्या ठिणगीतही निकेल असते. मात्र तिथे सोबत भरपूर क्रोमियमही असते.

सावधपणे बोलण्याचा आपल्याकडेच एक चांगला दाखला आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने २००५ मध्ये हैदराबादहून फुग्याद्वारे २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले गेले आणि त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. इतकी मोठी बातमी हाती असूनही, हे जीव पृथ्वीबाहेरून आल्याचे यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना इस्रोने स्पष्ट सांगितले. शाळेतल्या मुलांना हाच संयम शिकवायला हवा, असे मला मनापासून वाटते.

प्रदर्शनातला हा प्रयोग बंद करावा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने बनवलेले धूलिकण टिपणारे उपकरण १ जानेवारी २०२४ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी५८ या अग्निबाणासोबत अवकाशात गेले. त्याच विषयाला आपली मुले एका गच्चीवरून हात घालू शकतात, ही मोठीच संधी आहे. त्यासाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, मे महिन्यात पावसाळ्यापूर्वी सोसायट्या गच्चीवरच्या पाण्याच्या वाटा साफ करतात, तेव्हा निघणारा गाळ कचऱ्यात न टाकता जवळच्या शाळेला द्यावा, आणि पिशवीवर इमारतीचा पत्ता, तारीख आणि आसपास चालू असलेले वेल्डिंगचे काम नोंदवावे. दुसरी, मुलांनी तो गाळ धुऊन, वाळवून, बारीक चाळणीतून काढून सूक्ष्मदर्शकाखाली निवडलेल्या मोजक्या कणांचे पृथक्करण पवईच्या आयआयटीतील विश्लेषण सुविधेत किंवा एखाद्या महाविद्यालयात व्हावे, यासाठी शिक्षण विभागाने थोडा निधी ठेवावा. तिसरी, नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेत अवकाशातील वातावरणाचा अभ्यास चालतो. तिथल्या संशोधकांनी वर्षातून एकदा तरी या मुलांची निवड तपासून द्यावी, अशी नम्र विनंती आहे.

पुढच्या प्रदर्शनात बाद ठरलेले कणही मांडावेत आणि प्रत्येकाखाली ‘वेल्डिंग’, ‘फुलबाजी’, ‘ब्रेक’ किंवा ‘अद्याप अनिर्णित’ असे लिहावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
नौपाडा, ठाणे