न मिळालेल्या प्रोसेसर-वेळेच्या आकारणीबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
क्लाउड सेवा विभाग

विषय: व्हर्च्युअल मशीनमधल्या प्रोसेसर-वेळेची मोजणी दुरुस्त करणे आणि जास्तीची रक्कम परत मिळणे

महोदय,

मी बडोद्यात प्रेशर व्हेसल (दाबाखालच्या टाक्या) आणि हीट एक्स्चेंजरच्या ताण-विश्लेषणाचं काम करते. मकरपुरा आणि नंदेसरी जीआयडीसीतले (औद्योगिक वसाहतींतले) फॅब्रिकेटर मला ड्रॉइंग पाठवतात. नॉझलच्या (टाकीला जोडलेल्या नळीच्या) जोडापाशी, सॅडलच्या (टाकीच्या आधाराच्या) टोकाशी पत्र्यावर किती ताण येईल याचं गणित मी आपल्याकडून भाड्यानं घेतलेल्या आठ व्हीसीपीयूंच्या, म्हणजे आठ आभासी प्रोसेसरांच्या, मशीनवर चालवते आणि अहवाल देते. आपलं ग्राहकसेवा केंद्र पुण्यात आहे आणि तिथून मला उत्तरं मराठीतच येतात, म्हणून हे पत्रही मराठीतच लिहिते आहे.

आपल्या अनेक योजनांपैकी मी प्रोसेसर-सेकंदांवर आकारणी होणारी योजना घेतली, कारण माझी गिऱ्हाइकं छोटी आहेत आणि मीही त्यांना त्याच हिशेबानं बिल लावते. तुमच्या गणिताला इतका प्रोसेसर-वेळ लागला, त्याचे इतके रुपये. त्यामुळे हा आकडा चुकला की आधी माझं बिल चुकतं, मग त्यांचं.

माझी तक्रार अशी आहे: आमचं मशीन ज्या वेळात प्रोसेसरची वाट पाहत थांबलेलं असतं, तो वेळही आपण आमच्या वापरात धरता आणि त्याचे पैसे लावता.

हे उघडकीला आलं ते मकरपुऱ्याच्या एका फॅब्रिकेटरमुळे. त्यांच्या नॉझलचं विश्लेषण तपासणी संस्थेनं पुन्हा चालवून मागितलं. इनपुट फाइल तीच होती, एक आकडाही बदललेला नव्हता. दुसऱ्या वेळचं बिल पाहून त्यांनी फोन केला, "बेन, ड्रॉइंग तेच, पत्रा तोच, मग बिल दीडपट कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बारा-पंधरा जणांच्या त्या शॉपमध्ये वेल्डिंगच्या रॉडचासुद्धा हिशेब ठेवला जातो. त्यांना "कॉम्प्युटरनं तेवढे सेकंद दाखवले" असं सांगून भागत नाही, आणि भागू नयेच.

मग मी तीच फाइल वेगवेगळ्या वेळी चालवून पाहिली. मध्यरात्रीनंतर आठही व्हीसीपीयूंचा मिळून साधारण 5 तास 20 मिनिटं प्रोसेसर-वेळ लागतो. दुपारी बारा ते चारच्या दरम्यान तेच गणित 8 तासांच्या पुढे जातं. सॉल्व्हरच्या (गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामच्या) पुनरावृत्त्या तेवढ्याच, उत्तर तेच. घड्याळी वेळ दुपारी वाढली असती तर मी समजू शकले असते, मशीन सामायिक आहे. पण घड्याळी वेळ (काम सुरू होऊन संपेपर्यंतचा) आणि प्रोसेसर-वेळ (प्रोसेसर प्रत्यक्ष कामात असलेला) या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माझ्या कार्यालयातल्या जुन्या वर्कस्टेशनवर हीच फाइल बरीच हळू चालते, तरी दिवसा आणि रात्री तिचा प्रोसेसर-वेळ जवळपास सारखाच येतो.

आपल्या मदतसेवेनं दिलेलं उत्तर असं होतं: "आपलं मशीन शंभर टक्के वापरात दिसतं आहे, मोठी योजना घ्यावी." हे उत्तर ज्या आकड्यावर उभं आहे, तो आकडाच चुकीचा आहे. कसा, ते मी सविस्तर लिहिते, म्हणजे हे पत्र पुन्हा त्याच साच्यातल्या उत्तरानं परत येणार नाही.

व्हर्च्युअल मशीनमधला लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रत्येक प्रक्रियेचा वेळ घड्याळाकडे पाहून मोजतो. प्रक्रिया प्रोसेसरवर चढली तेव्हाची वेळ नोंदवायची, उतरली तेव्हाची नोंदवायची आणि मधला फरक तिच्या खात्यात टाकायचा. खऱ्या मशीनवर हे बरोबर आहे. व्हर्च्युअल मशीन म्हणजे मोठ्या मशीनचा सॉफ्टवेअरनं वेगळा काढलेला भाग; त्यात मात्र खाली असलेला होस्ट, म्हणजे ते मोठं मशीन, आमचा व्हीसीपीयू मध्येच बाजूला करून प्रोसेसर दुसऱ्या ग्राहकाच्या मशीनला देऊ शकतो. त्या काळात आमच्या मशीनमधलं काहीच चालत नाही, पण घड्याळ पुढे जातच राहतं. प्रोसेसर परत मिळाल्यावर आमच्या कर्नलला मध्ये काही घडल्याचा पत्ताही नसतो. तो फरक काढतो आणि दुसऱ्याला दिलेला वेळही आमच्या सॉल्व्हरच्या नावावर लिहितो.

हा दोष जुना आहे आणि त्यावरचा उपायही जुना आहे. कर्नलच्या हिशेबाच्या /प्रॉक/स्टॅट या फाइलमध्ये स्टील टाइमचा, म्हणजे दुसऱ्याला दिलेल्या या वेळेचा, स्वतंत्र रकाना लिनक्सच्या 2.6.11 आवृत्तीपासून, म्हणजे 2005 पासून आहे. केव्हीएमवर (लिनक्समधल्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या भागावर) चालणाऱ्या मशीनसाठी 2011 मध्ये 3.1 आवृत्तीत रीतसर सोय आली. आतलं मशीन आपल्या मेमरीतला एक छोटा तुकडा होस्टला दाखवून ठेवतं. व्हीसीपीयूला चालायचं होतं पण प्रोसेसर मिळाला नाही, असा एकूण किती नॅनोसेकंदांचा काळ गेला, ते होस्ट त्या तुकड्यात लिहीत राहतो. आतला कर्नल तेवढा वेळ वजा करतो. मशीन स्वतःहून रिकामं बसलं असेल तर तो वेळ यात येत नाही. त्यामुळे "तुमचंच मशीन निवांत होतं" हे उत्तर इथे लागू पडणार नाही.

ही सोय उपलब्ध आहे की नाही, हे आतल्या मशीनला सीपीयूआयडीमधून (प्रोसेसरची ओळख आणि वैशिष्ट्यं सांगणाऱ्या सूचनेतून) कळतं. आपण दिलेल्या मशीनच्या सीपीयूआयडीत केव्हीएमची सही स्पष्ट दिसते. त्याच्या वैशिष्ट्यांच्या नोंदीत, शून्यापासून मोजलं तर पाचवा बिट (शून्य किंवा एक अशी खूण) स्टील टाइमचा असतो. आमच्या मशीनवर तो शून्य आहे. म्हणजे होस्टला हा हिशेब ठाऊक आहे, पण आम्हाला तो दाखवला जात नाही. टॉप आज्ञेतला एसटीचा (स्टील टाइमचा) आकडा आमच्याकडे कायम 0.0 असतो तो यामुळेच. मदतसेवेनं हाच शून्य दाखवून "आपल्याला पूर्ण प्रोसेसर मिळतो आहे" असं मला लिहून दिलं आहे. जो आकडा भरलाच जात नाही, तो पुरावा म्हणून पुढे करणं मला गंभीर वाटतं.

होस्टनं काही सांगितलं नाही तरी आतून माग काढता येतो. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. एकाच व्हीसीपीयूला बांधलेला, दुसरं काही न करता सतत घड्याळ वाचणारा. लागोपाठच्या दोन वाचनांत एरवी शंभर नॅनोसेकंदांहूनही कमी अंतर असतं. दुपारच्या वेळी मध्येच 6, 9, कधी 15 मिलिसेकंदांच्या फटी दिसतात. टायमरच्या इंटरप्टला (कर्नलच्या नेमानं होणाऱ्या व्यत्ययाला) इतका वेळ लागत नाही, तो मायक्रोसेकंदांत आटपतो. आमच्याच मशीनमधल्या दुसऱ्या प्रक्रियेनं जागा घेतली असती, तर /प्रॉक/सेल्फ/स्टेटस मध्ये कॉन्टेक्स्ट स्विचचा (प्रक्रिया बदलल्याचा) आकडा वाढला असता. तो वाढलेला नाही. आणि त्या प्रत्येक फटीची पूर्ण लांबी कर्नलनं माझ्या प्रोग्रामच्या प्रोसेसर-वेळेत धरलेली आहे. मग त्याच प्रोग्रामला ठरावीक गणित देऊन रात्री आणि दुपारी चालवलं. दुपारी लागलेला जास्तीचा प्रोसेसर-वेळ आणि फटींची बेरीज जवळजवळ जुळते. प्रोग्राम आणि सगळ्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. आपल्या अभियंत्यांनी तो प्रोग्राम कोणत्याही मशीनवर चालवून पाहावा.

आमच्याकडे पत्र्याचा ट्रक येतो तेव्हा वजनकाट्यावर आधी भरलेला तोलतात, माल उतरवून रिकामा तोलतात आणि वजाबाकी करून मालाचे पैसे ठरतात. आपल्या बिलात ही वजाबाकीच गाळलेली आहे.

आणखी एक नुकसान आहे, आणि माझ्या कामात ते सर्वांत मोठं आहे. सॉल्व्हर आठ थ्रेडमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या आठ धाग्यांत) चालतो आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी सगळे थ्रेड एकमेकांसाठी थांबतात. हे थांबणं झोपून नसतं. थोडा वेळ ते जागच्या जागी फिरत "आला का, आला का" पाहत राहतात, कारण झोपून उठण्यात जास्त वेळ जातो. होस्टनं एका व्हीसीपीयूला 10 मिलिसेकंद बाजूला केलं, की बाकीचे सात तेवढा वेळ नुसते फिरतात. हा वेळ स्टील टाइममध्ये येत नाही. तो आमच्या प्रोग्रामनं खरोखर वापरलेला असतो आणि मोजणी कितीही अचूक केली तरी आमच्याच नावावर लागतो. पण त्याचं कारण आपण त्या होस्टवर क्षमतेपेक्षा जास्त मशीनं बसवली, हे आहे. मोठी योजना घेऊन सोळा व्हीसीपीयू केले, तर फिरत बसणारे सातऐवजी पंधरा होतील. आपल्या सल्ल्यावर माझा आक्षेप आहे तो यासाठी.

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. एक व्हीसीपीयू म्हणजे बहुधा पूर्ण कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्र गणना करणारा भाग) नसतो, तो कोअर वाटून घेणाऱ्या दोन हायपरथ्रेडपैकी एक असतो. शेजारचा हायपरथ्रेड गजबजलेला असेल तर आमचं काम मंदावतं आणि तेवढ्याच गणिताला प्रोसेसर-वेळ जास्त लागतो. हे योजनेच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे, मी ते वाचूनच योजना घेतली. आयबीएमच्या पॉवर5 पासूनच्या प्रोसेसरमध्ये हा वाटा थ्रेडवार मोजणारा स्वतंत्र रजिस्टर आहे. तसं काही मी आपल्याकडे मागत नाही. दुपारच्या वाढीतला काही भाग या मंदावण्याचा असेल, आणि तो माझ्या मागणीत धरलेला नाही. माझी परताव्याची मागणी फक्त त्या वेळेची आहे जेव्हा आमचा व्हीसीपीयू कोणत्याही कोअरवर नव्हता.

मी कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी 1890 साली सुरू केलेली ही संस्था आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. तिथल्या प्रयोगशाळेत रीडिंग घेण्याआधी उपकरणाची शून्य-चूक तपासून वहीत लिहावी लागायची, नाहीतर पुढचं पानच तपासलं जात नसे. ज्या मापावर पैसे ठरतात त्या मापाबद्दल आपल्याकडूनही माझी तेवढीच अपेक्षा आहे.

यासाठी आपल्याला नवं यंत्र आणावं लागणार नाही. होस्टवर प्रत्येक व्हीसीपीयू हा एक साधा थ्रेड असतो आणि त्याच्या शेडस्टॅट फाइलमध्ये पहिला आकडा प्रत्यक्ष चालल्याचा, दुसरा रांगेत ताटकळल्याचा असतो. आपली आकारणी आमच्या मशीनच्या आत बसवलेल्या एजंटच्या (मोजणी करणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) आकड्यांवर चालते; ती होस्टवरच्या या पहिल्या आकड्यावर न्यावी. स्टील टाइमचा बिट आमच्या मशीनला खुला करावा, म्हणजे मला माझा हिशेब पडताळता येईल आणि माझ्या गिऱ्हाइकांनाही दाखवता येईल. एका भौतिक कोअरवर आपण जास्तीत जास्त किती व्हीसीपीयू बसवता, ते योजनेच्या माहितीपत्रकात छापावं. आणि या आर्थिक वर्षातली माझी सगळी बिलं होस्टच्या नोंदींवरून पुन्हा काढून, फरकाच्या रकमेची क्रेडिट नोट जीएसटीसह द्यावी. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 34 मध्ये त्याची तरतूद आहे. होस्टच्या जुन्या नोंदी ठेवल्या नसतील तर तसं लेखी कळवावं. मग माझ्या रात्रीच्या मोजणीवरून सरासरी ठरवायला माझी तयारी आहे.

ही रक्कम आपल्या दृष्टीनं लहान असेल. पण त्या फॅब्रिकेटरला मी जास्तीचे पैसे माझ्या खिशातून परत केले आहेत, आणि इतरांनाही करणार आहे, कारण त्यांनी विश्वास माझ्यावर ठेवला होता.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. मी स्वयंरोजगारावर उपजीविका करते, त्यामुळे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली मी ग्राहक ठरते, असं माझं म्हणणं आहे, आणि मी राहते तिथल्या, म्हणजे वडोदरा जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागू शकते. तशी वेळ येऊ नये ही मनापासून इच्छा आहे. आपल्या मशीनची नेटवर्क आणि डिस्क सेवा चांगली आहे, ती सोडून जाण्याची मला घाई नाही.

चालू महिन्याच्या बिलातला वाद नसलेला भाग मी आज भरला आहे. उरलेली रक्कम निर्णय होईपर्यंत रोखून ठेवली आहे, त्याचा तपशील सोबत आहे. या थकबाकीच्या कारणानं मशीन बंद करू नये, ही विनंती. त्यावर तीन गिऱ्हाइकांची विश्लेषणं अर्धवट चालू आहेत आणि त्यांच्या तपासणीच्या तारखा ठरलेल्या आहेत.

आपली,
प्रेशर व्हेसल विश्लेषण सल्लागार,
दांडिया बाजार, वडोदरा

सोबत: मोजणीचा प्रोग्राम, रात्रीच्या व दुपारच्या नोंदी, सीपीयूआयडीची प्रत, मदतसेवेशी झालेला पत्रव्यवहार, बिलाच्या वादग्रस्त रकमेचा तक्ता